पुडीवर बॅच नंबर नसतो

रात्रीचे साडेनऊ झाले होते. मी शटर निम्मं खाली ओढून दिवसाचा गल्ला मोजत होतो. मागच्या कॉलनीतल्या एक ताई वाकून आत आल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि काउंटरवर मूठ उघडली. वर्तमानपत्राच्या कागदाची, करंगळीएवढी पुडी. मुलाची जीन्स धुवायला टाकताना खिशात सापडलेली. मुलगा बारावीला.

"भाऊ, तुम्ही मेडिकलवाले. तुम्हाला कळेल. काय आहे हे?"

उघडून पाहिलं. हिरवट-तपकिरी चुरा, दोन-चार बिया, काड्या. वास आला आणि शंका उरली नाही. गांजा, म्हटलं. ताई रडतील असं वाटलं होतं. त्या रडल्या नाहीत. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला आणि तो मला अजून सुटलेला नाही. "नुसता गांजाच आहे ना हो? दुसरं काही मिसळलेलं नाही ना?"

तीस वर्षं मी या काउंटरच्या आत उभा आहे. कुठलीही स्ट्रिप हातात द्या, आत काय आहे, किती मिलिग्रॅम आहे, कुठल्या कारखान्यात बनली, कधी बाद होणार हे मी सांगू शकतो. गोळी खाऊन कुणाला रिअॅक्शन आली तर बॅच नंबरवरून तो सगळा माल बाजारातून परत मागवता येतो. त्या पुडीबद्दल मला काहीच सांगता येईना. तिच्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. होती ती कुठल्याशा जुन्या अंकातली अर्धी राशिभविष्याची ओळ.

ताई पुडी काउंटरवरच ठेवून गेल्या. म्हणजे कायद्याच्या भाषेत ती आता माझ्या ताब्यात. पोलीस ठाण्यात नेऊन दिली तर पहिला प्रश्न येणार, कुठून आणली? मी ती मागच्या मोरीत ओतली, वर बादलीभर पाणी टाकलं आणि घरी गेलो.

त्या रात्रीपासून माझं मत पक्कं झालंय. गांजाची विक्री सरकारनं कायद्याच्या चौकटीत आणावी. मी स्वतः सुपारीसुद्धा खात नाही, त्यामुळं यात माझी सोय वगैरे काही नाही. आणि गांजा चांगला आहे असंही मला म्हणायचं नाही. दुकानातली निम्मी औषधंही तशी 'चांगली' नसतातच. चुकीच्या माणसानं, चुकीच्या वयात, चुकीच्या मात्रेत घेतली तर घात करतात. म्हणून तर ती दुकानात असतात, टपरीवर नसतात.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो हे बहुतेकांना नीट माहीत नसतं. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळांचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया या व्याख्येत बसत नाहीत. त्याच झाडाच्या पानांची भांग वाराणसीला सरकारी परवान्याच्या दुकानात मिळते. आपल्याकडं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं भांगेलाही परवान्याची अट घातली आहे, पण महाशिवरात्रीला आमच्या नाशकात थंडाईत काय असतं ते सगळ्यांना माहीत असतं. एका फांदीचं पान चालतं आणि शेंडा तुरुंगात नेतो. 'तुळशीत भांग आणि भांगेत तुळस' ही म्हण कायद्यानं इतकी मनावर घेतली असेल असं वाटलं नव्हतं. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानं एका प्रकरणात याच मुद्द्यावर जामीन दिला. पकडलेल्या मालात शेंडे नसतील तर त्याला गांजा म्हणता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे पंचनामा करताना हवालदारानं वनस्पतिशास्त्रज्ञ असायला हवं.

एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण'. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसता ओढताना सापडलात तर सहा महिन्यांपर्यंत. शिक्षा फार मोठी नाही म्हणाल, तर खरंय. पण बारावीच्या पोराला शिक्षेची गरजच पडत नाही, गुन्हा नोंदवला की काम झालं. पासपोर्ट, नोकरी, पोलीस भरती, सगळीकडं ती नोंद आधी पोचते. जे पोर कॉलनीतल्या वकिलाला ओळखतं ते सुटतं. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरातलं पोर सुटेलच असं नाही.

आणि त्याच शहरात सिंहस्थ भरतो.

सप्टेंबर २०१५. मी त्र्यंबकला औषधांची खोकी पोचवायला गेलो होतो. बारीक पाऊस होता. एका मांडवात साधूंनी शेकोटी पेटवलेली. एक बाबा मांडी घालून बसले होते. तळहातावर गांजा, त्यात चिमूटभर तंबाखू, अंगठ्यानं मळणं चाललेलं. घाई नाही. बिया आणि काड्या वेचून बाजूला. मातीची चिलीम, आत खडा बसवलेला, खाली ओल्या फडक्याची साफी गुंडाळलेली. नारळाच्या काथ्याची गुंडी पेटवून वर ठेवली, आणि शंभोचं नाव घेऊन असा झुरका ओढला की चिलमीच्या तोंडाशी बोटभर ज्वाळा उठली. चिलीम उजवीकडं फिरत गेली. वर्तुळाच्या कडेला बंदोबस्तावरचा एक पोलीस रेनकोट घालून हात शेकत बसला होता. बाबांनी त्याच्याही पुढं धरली. त्यानं हात जोडून नको म्हटलं, लाजून हसला. छान दृश्य होतं. मला त्यात वावगं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

फक्त कायद्यात साधूंसाठी वेगळं कलम नाही. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, एकाच झाडाच्या शेंड्यासाठी एकाला बंदोबस्त आणि दुसऱ्याला पंचनामा. २०२७ ला पुन्हा तेच होणार. साधूंना पकडा असं मी म्हणत नाहीये. पण जो कायदा राबवायची आपल्या मनातच लाज आहे, तो गरिबाच्या पोरावर तरी का राबवायचा?

हे झालं न्यायाचं. माझा खरा मुद्दा धंद्याचा आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा कारखाना सापडला. मुंबईच्या पोलिसांनी येऊन धाड घातली, शेकडो कोटींचा माल असल्याचं सांगितलं गेलं. शहर हादरलं, मोर्चे निघाले. द्राक्षाच्या गावात हे कुठून आलं, असं जो तो विचारत होता. मला त्याचं नवल कमी वाटलं, कारण मी आकाराचा विचार करतो. किलोभर गांजा म्हणजे फुगलेली पिशवी, वर वास असा की शेजारच्या सीटवरचा माणूस मागं वळून बघतो. त्याच धोक्यात एमडी न्यायचं तर रिकाम्या रिफिलमध्ये मावतं. पकडला गेलास तर दोन्हीकडं तुरुंगच, मग शहाणा विक्रेता काय विकेल? बंदी असली की धंदा नेहमी लहान, जहाल आणि बिनवासाच्या मालाकडं सरकतो. आमच्या मालेगावात 'कुत्ता गोळी' म्हणतात ती दुसरं काही नाही, अल्प्राझोलाम आहे, झोपेची-चिंतेची साधी गोळी. माझ्या दुकानात ती शेड्यूल एच-वनमध्ये येते. डॉक्टरची चिठ्ठी, रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिल्या ते वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि रजिस्टर तीन वर्षं जपायचं. चोरट्या मार्गानं ती गोळी बाहेर जातेच. पण गेली तर कुठल्या साखळीतून गेली ते शोधता येतं, दुकानदाराचा परवाना रद्द होतो. गांजाच्या पुडीला असं कुठलंच टोक नाही, धरायचं कुठून?

त्या ताईंच्या मुलाला जो पुडी देतो, त्याला मुलगा गांजावरच राहिलेला परवडत नाही. आज नाही तर उद्या तो म्हणणार, "माल संपलाय, हे घेऊन बघ." हा उद्या मला नकोय. पुडी आणि पावडर एका हातात आहेत ही सगळ्यात वाईट गोष्ट, आणि त्या आपणच, बंदी घालून, एका हातात दिल्या.

नेदरलँड्सनं हे १९७६ साली ओळखलं. कायद्यात दुरुस्ती करून त्यांनी गांजा-चरस एकीकडं आणि हेरॉइन-कोकेन दुसरीकडं अशी फाळणी केली. पुढं तिथली 'कॉफी शॉप' याच विचारावर उभी राहिली. एका माणसाला पाच ग्रॅमपर्यंत, अठराच्या आतल्याला प्रवेश नाही, जाहिरात नाही, आणि दुकानात जहाल नशेचा कण सापडला तर टाळं. पण डच लोकांनी एक घोळ घातला. पुढच्या दारानं विकायला मुभा दिली, मागच्या दारानं माल आणायला मात्र बंदी कायम ठेवली. त्यामुळं दुकान सरळ आणि पुरवठादार गुंड, असा विचित्र संसार पन्नासेक वर्षं चालला. आता कुठं परवानाधारक शेतीचे प्रयोग सुरू केलेत. धडा सरळ आहे. आणायचं तर बी पासून बिलापर्यंत सगळं कायद्यात आणा, अर्धवट नको.

माझ्यासारख्याला सगळ्यात जवळचं उदाहरण उरुग्वेचं. तिथं २०१३ ला कायदा झाला आणि २०१७ पासून चक्क औषधाच्या दुकानातून गांजा मिळू लागला. नाव नोंदवायचं, बोटाचा ठसा द्यायचा, महिन्याला जास्तीत जास्त चाळीस ग्रॅम. परदेशी पर्यटकाला नाही. पाकीट साधं, सरकारनं ठरवलेल्या शेतातला माल, सरकारनं ठरवलेली किंमत. सुरुवातीला फक्त सोळा दुकानं तयार झाली. विक्री सुरू झाली आणि आडव्या आल्या बँका! अमेरिकी कायद्याच्या धाकानं बँका अशा दुकानदारांची खाती बंद करू लागल्या. हे वाचून मला त्या अनोळखी केमिस्टांबद्दल भाऊबंदासारखं वाटलं. आमचंही हेच दुखणं असतं. नियम पाळणारा पहिला भरडला जातो.

हे सगळं परदेशी खूळ आहे असं म्हणणाऱ्यांसाठी घरची गोष्ट. १८९३-९४ मध्ये ब्रिटिश सरकारनं या एकाच प्रश्नावर आयोग नेमला होता. त्यात तीन भारतीय सदस्य होते. देशभर हिंडून हजारावर लोकांच्या साक्षी घेतल्या, वेड्यांच्या इस्पितळातली दप्तरं तपासली. गांजानं माणसं वेडी होतात म्हणून ज्या नोंदी होत्या, त्यातल्या बऱ्याच चौकशीत टिकल्या नाहीत. बेताच्या सेवनानं सहसा नुकसान होत नाही, अतिरेकानं होतं, असा निष्कर्ष निघाला आणि बंदीऐवजी परवाना, कर आणि साठ्यावर मर्यादा सुचवली गेली. इंग्रजाला महसूल हवा होता हे मान्य. तरी इतकी खोल चौकशी आपण स्वतंत्र झाल्यावर एकदाही केलेली नाही. १९८५ चा कायदा आला तो १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं ओझं डोक्यावर घेऊन. त्याच करारातल्या सगळ्यात कडक यादीतून गांजा काढायचा की नाही यावर डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत मतदान झालं, २७ विरुद्ध २५ नं ठराव पास झाला. भारतानं बाजूनं मत दिलं. बाहेर हो म्हणायचं आणि घरात तोंडावर बोट, ही आपली जुनी सवय.

औषधाबद्दल एकच सांगतो, कारण ते मी जवळून पाहिलंय. गांजातल्या कॅनाबिडिऑलपासून बनलेलं औषध अमेरिकेनं २०१८ मध्ये लहान मुलांच्या दोन अवघड फेफऱ्यांसाठी मंजूर केलं. आपल्याकडं आयुर्वेदात हीच वनस्पती 'विजया', आणि तिची तेलं चिठ्ठीवर विकली जातात. पण मला मॉर्फिन आठवतं. ते औषध कुणी बंद केलं नव्हतं. १९८५ च्या कायद्यानंतर त्याच्याभोवती परवान्यांचं एवढं कुंपण उभं राहिलं की दुकानांनी ते ठेवणंच सोडलं. कॅन्सरच्या शेवटच्या महिन्यात वडिलांसाठी गोळ्या शोधत फिरणारा एक मुलगा माझ्याकडं आला होता, त्याच्याआधी सात दुकानं करून. आठव्यालाही नाहीच म्हणावं लागलं. ते कुंपण थोडं सैल करायला २०१४ ची दुरुस्ती उजाडावी लागली. नशेच्या भीतीनं केलेला कायदा वेदनेत तडफडणाऱ्याला आधी अडवतो, तस्कराला नंतर.

आता शेतकरी. गांजा लावू द्या, कांदा-द्राक्षापेक्षा दहापट पैसा, असं पारावर बोललं जातं. २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं तशी परवानगीच मागितली होती. कुठलंच पीक परवडत नाही, मग हे तरी लावू द्या, असं त्याचं म्हणणं. पोलिसांनी तो प्रसिद्धीचा खटाटोप ठरवला. पलीकडं धुळ्याच्या शिरपूर तालुक्यात कपाशी-तुरीच्या आडोशानं लावलेली गांजाची शेतं पोलीस वरचेवर उपटतात. तिथला आदिवासी शेतकरी आत जातो, माल उचलणारा व्यापारी क्वचितच. याला कायदेशीर शेतीनं आळा बसेल हे मला पटतं. शेतकरी श्रीमंत होईल हे मात्र पटत नाही. आम्ही वाईन पाहिली आहे. २००१ ला राज्याचं द्राक्षप्रक्रिया धोरण आलं, विंचूरला वाईन पार्क झालं, हौसेनं काही बागायतदारांनी टाक्या बसवल्या. मोठे टिकले. छोट्यांपैकी कित्येकांच्या टाक्यांवर धूळ आहे. २०२२ ला सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय झाला तेव्हाही शेतकऱ्याचंच नाव पुढं केलं होतं. निफाडचा बागायतदार अजून खाण्याच्या द्राक्षावरच जगतो आणि पावसाकडं बघत रात्र काढतो. ज्या मालाचा भाव अडचणीमुळं चढलेला आहे तो अडचण गेली की उतरणार, हा बाजाराचा नियम. तेव्हा परवाने अर्धा-एक एकरवाल्यांना राखून ठेवायचे आणि खरेदी सरकारनं करायची, असं आधीच लिहून ठेवलं नाही तर हे पीकही कंपन्यांच्या हरितगृहात जाईल. आपल्याकडं राहील फक्त जाहिरातीतला फेटा.

विरोधकांचा एकच आक्षेप मला झोपू देत नाही, तो दारूचा. दारू कायदेशीर आहे, मग तिथं काय उजेड पडला? गल्लोगल्ली परवाने, आणि महसुलाची चटक सरकारलाच लागलेली. २०१९ ला प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारू पिणारे सोळा कोटी आणि गांजा-चरस ओढणारे सव्वा कोटीच्या आसपास निघाले. दार उघडलं तर दुसरा आकडा पहिल्याच्या वाटेनं जाणार नाही कशावरून? थायलंडनं २०२२ मध्ये नियम लिहायच्या आधीच गांजा मोकळा केला. रस्तोरस्ती दुकानं लागली आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालायची वेळ आली. पोरांच्या मेंदूचं तर खरंच आहे. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत, घरात मानसिक आजाराचा इतिहास असेल तर विशेष, भास-भ्रमाचा धोका वाढतो. आजचा ताकदीचा माल बाबांच्या चिलमीतला नाही.

या आक्षेपाला माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. अर्धं आहे. चंद्रपूरला २०१५ मध्ये दारूबंदी केली, २०२१ मध्ये उठवावी लागली. मधल्या काळात दारू गेली नव्हती, फक्त तिचं दुकान गेलं होतं. त्यामुळं मला दारूचा नमुना नकोच, औषधाचा हवा. परमिट रूम नाही, 'वाईन्स'च्या पाट्या नाहीत, सिनेनटाची सोडा-जाहिरात नाही. एकविसाच्या आतल्याला नाही. ताकदीवर वरची मर्यादा, पाकिटावर ती ठळक छापलेली. विक्रीवर कमिशन नाही, म्हणजे जास्त खपवण्यात दुकानदाराचाही फायदा नाही. (माझे व्यवसायबंधू हे वाचून मला संघटनेतून काढतील.) कराचा पैसा सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जाऊ द्यायचा नाही, व्यसनमुक्ती केंद्रांकडंच वळवायचा, नाहीतर सरकारला पुन्हा चटक लागेल. आणि अल्प प्रमाणाचे जुने गुन्हे पुसायचे. सुरुवात एवढ्या शेवटच्या गोष्टीपासून केली तरी मला चालेल. त्याला ना शेत लागतं ना दुकान.

त्या ताई परवा आल्या होत्या, बीपीच्या गोळ्या न्यायला. मुलाचं विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही. बिल करताना त्यांनी स्ट्रिप उलटी केली, चष्मा वर सरकवून मागची बारीक अक्षरं वाचली, तारीख दोनदा पाहिली आणि मगच पिशवीत टाकली.